सगळ्यांना वाचता येईल असं संख्याशास्त्राचं पुस्तक: प्रकल्प नोंदी

३ जून २०२४

प्रथम वर्षाच्या संख्याशास्त्राला यंदा मुक्त परवान्याचं पुस्तक लावायचं, हे आज विभागाच्या बैठकीत ठरलं. बैठकीत मांडलेलं कारण असं, की नेमलेलं पुस्तक सत्र अर्धं संपेपर्यंत अनेकांच्या हाती नसतं. माझं स्वतःचं कारण मागच्या सत्रातलं आहे. वर्गात एक पूर्ण अंध विद्यार्थिनी होती. प्रकाशकाच्या ई-पुस्तकाचं प्रत्येक पान म्हणजे नुसतं चित्र होतं. तिच्या स्क्रीन रीडरला, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्यानं वाचणाऱ्या प्रोग्रामला, त्यात एक शब्दही सापडत नव्हता. कॉपी करणं बंद, छापणं बंद. आम्ही कळवलं, आणि उत्तर आलं तेव्हा परीक्षा होऊन गेली होती. तोवर तिची मैत्रीण तिला रोज वाचून दाखवत होती. ती चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाली, पण इतरांना कधीही उघडता येणारं पान ऐकायला तिला दरवेळी दुसऱ्या कुणाचा तरी वेळ मागावा लागला, हे मला विसरता येत नाही.

ती आता पुढच्या वर्गात आहे आणि या पुस्तकाची तपासणी करायला तयार आहे. तिच्या तासांचं मानधन प्रकल्पातून द्यायचं, हे आजच मंजूर करून घेतलं. असं काम आपुलकीवर फुकट करून घेण्याची सवय फार जुनी आहे, ती इथे नको.

५ जून

दिवसभर पुस्तकं चाळली. विभागातल्या एका सरांनी तीन पीडीएफ पाठवल्या, “सगळ्या फुकट आहेत, मॅडम, घ्या.” त्यातल्या दोन फुकट आहेत पण मुक्त नाहीत. हा फरक पुढे अनेकदा सांगावा लागणार, म्हणून इथे नीट लिहून ठेवते. डेव्हिड वायली या मुक्त शिक्षणाच्या अभ्यासकांनी मुक्त साहित्य पाच हक्कांवरून ओळखायला सांगितलं: ते आपल्याकडे ठेवता आलं पाहिजे, वापरता, बदलता, दुसऱ्या साहित्यात मिसळता आणि वाटता आलं पाहिजे. ‘ठेवणं’ त्यांनी मागाहून, २०१४ मध्ये जोडलं. सत्र संपताच दार बंद करणारं ई-पुस्तक वापरलेल्या कुणालाही त्याचं कारण विचारावं लागणार नाही.

आम्हाला सर्वांत जास्त गरज ‘बदलण्या’ची आहे. पुस्तक नुसतं वाचायला दिलं आणि आतली आकृती अंध विद्यार्थ्याला कळत नसली, तर हात बांधून बसावं लागतं.

क्रिएटिव्ह कॉमन्स (सीसी) ही संस्था लेखकांना असे तयार मुक्त परवाने देते. तिचे पहिले परवाने डिसेंबर २००२ मध्ये आले, सध्याची ४.० आवृत्ती २०१३ ची. मुख्य परवाने सहा आहेत, पण त्यांचे घटक चारच: श्रेय द्या (बाय), बदललेलं साहित्य त्याच परवान्याखाली द्या (एसए), व्यापारी वापर नको (एनसी), बदल करून वाटू नका (एनडी). एनडी असलेली पुस्तकं आज यादीतून काढली. एनडीचं साहित्य दुसऱ्या स्वरूपात नेता येतं, म्हणजे पीडीएफचं वेबपान करायला ४.० मध्ये हरकत नाही. पण मराठी करून वर्गात वाटायचं म्हटलं तर ते रूपांतर ठरतं आणि तिथे अडतं.

एकाच संस्थेची सगळी पुस्तकं एकाच परवान्याची असतात, असंही गृहीत धरू नये. राइस विद्यापीठाचा ओपनस्टॅक्स उपक्रम २०१२ पासून पाठ्यपुस्तकं देतो. त्यांची बरीच पुस्तकं सीसी बाय आहेत, पण कॅल्क्युलसची सीसी बाय-एनसी-एसए. प्रत्येक पुस्तकाचं परवान्याचं पान स्वतः उघडून पाहायचं, हा नियम केला.

निवडलेलं पुस्तक सीसी बाय ४.० चं आहे. यापुढे त्याला ‘मूळ पुस्तक’ म्हणेन.

११ जून

आज पुस्तक पहिल्यांदा कानांनी वाचलं. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर मोफत आहे आणि त्याचा कोड खुला आहे. मायकेल करन आणि जेम्स टेह या ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध प्रोग्रामरांनी तो २००६ मध्ये सुरू केला. विद्यार्थिनीनं सांगितलं, “मॅडम, स्क्रीन बंद करा आणि मग दुसरं प्रकरण शोधून दाखवा.” पडदा काळा केला. तिनं सांगितल्याप्रमाणे ‘एच’ ही कळ दाबली. या कळीनं एका शीर्षकावरून पुढच्या शीर्षकावर जाता येतं. आवाज आला, पुढे शीर्षक नाही. संपूर्ण प्रकरणात एकही शीर्षक नव्हतं. डोळ्यांना दिसणारी ठळक, मोठी अक्षरं ही नुसती ठळक, मोठी अक्षरं होती. हे शीर्षक आहे असं फाइलमध्ये कुठेच नोंदलेलं नव्हतं. मला चाळीस मिनिटं लागली आणि मी चुकीच्या प्रकरणात पोचले.

तिनं शांतपणे सांगितलं, की तिचं पहिलं सत्र असंच गेलं होतं.

संध्याकाळी चित्रं ऐकली. काही चित्रांना पर्यायी मजकूर (चित्राऐवजी स्क्रीन रीडर वाचतो ते शब्द) होता, तो म्हणजे ‘आकृती’. काहींना काहीच नव्हतं, तिथे आवाज फाइलचं नाव एकेक अक्षर आणि आकडा करत वाचत सुटला. पानाच्या कडेची शोभेची वेलबुट्टीसुद्धा दर पानाला ‘ग्राफिक’ म्हणून येत होती. शोभेच्या चित्राचा पर्यायी मजकूर रिकामा आहे असं स्पष्ट सांगावं लागतं. तो द्यायचाच राहिला तर यंत्राला ते चित्र महत्त्वाचं वाटू शकतं.

१४ जून

कामाची मापं ठरवली. कसोटी म्हणून डब्ल्यूसीएजी २.२, म्हणजे वेबवरचा मजकूर सगळ्यांना वापरता यावा यासाठीचे निकष, एए पातळी. ऑक्टोबर २०२३ ची ही आवृत्ती सध्या ताजी आहे. स्वयंचलित तपासणी वापरायची, पण तिच्या ‘चूक नाही’वर थांबायचं नाही. चित्राला पर्यायी मजकूर आहे की नाही एवढंच ती सांगते. तो मजकूर ‘आकृती’ असा असला तरी तिचं समाधान होतं.

क्रम: शीर्षकं, मग सूत्रं, मग तक्ते, मग चित्रं. रंग आणि कॉन्ट्रास्ट जाता जाता. मूळ पुस्तकातल्या टिपा फिक्या राखाडी आहेत, पांढऱ्यावर त्यांच्या कॉन्ट्रास्टचं (उजेड-काळोखातल्या फरकाचं) प्रमाण तीनास एकसुद्धा भरत नाही. साध्या मजकुराला किमान ४.५ : १ लागतं. एका ओळीचा बदल, सगळ्या पुस्तकात झाला. यंदाच्या वर्गातल्या एका अल्पदृष्टी विद्यार्थ्याला याचा पहिल्या दिवसापासून उपयोग होईल.

२० जून

सूत्रं. मूळ पुस्तकात सगळी सूत्रं चित्रं म्हणून होती. काही चित्रांना पर्यायी मजकूर होता, पण तो ओळीत लिहिलेला: ‘झेड बरोबर एक्स वजा म्यू भागिले सिग्मा’. हे ऐकून कुणी काय समजावं? एक्समधून म्यू वजा करून सगळ्याला सिग्मानं भागायचं, की म्यूला सिग्मानं भागून मग एक्समधून वजा करायचं? आपण कागदावर आडवी रेघ पाहतो आणि शंकाच येत नाही. त्या रेघेला आवाज नसतो.

एक्सची किंमत ७०, म्यू ५०, सिग्मा १० घेतली तर बरोबर उत्तर २ येतं. चुकीच्या अर्थानं ६५ येतं. मागच्या सत्रात एका चाचणीत तिनं ६५ लिहिलं होतं आणि मी त्यावर लाल फुली मारली होती. तिला सूत्र येत नाही असं मी धरून चालले. ती फुली तिच्या उत्तरावर पडायला नको होती. आज तिला तसं सांगितलं.

सूत्रं मॅथएमएलमध्ये, म्हणजे वेबपानावर सूत्राची रचना लिहायच्या पद्धतीत, करायला घेतली. हे मानक १९९८ पासून आहे, पण क्रोम ब्राउझरमध्ये ते मूळचंच चालू झालं जानेवारी २०२३ मध्ये. इतकी वर्षं गणित वेबवर चित्र होऊन बसलं त्याचं एक मोठं कारण हेच. मॅथएमएलमध्ये अपूर्णांक कुठे सुरू, कुठे संपला, वर्गमूळ कुठपर्यंत, हे सगळं रचनेतच असतं, त्यामुळे तिला सूत्राच्या आत शिरून एकेक भाग वेगळा ऐकता येतो.

२७ जून

प्रसामान्य वितरणाचा (घंटेच्या आकाराच्या वक्राचा) मोठा तक्ता. आडव्या ओळी ०.० पासून, उभे रकाने ०.०० ते ०.०९. स्क्रीन रीडरवर तो ‘शून्य पूर्णांक नऊ सात पाच शून्य’ एवढंच वाचत होता. कोणत्या ओळीतला, कोणत्या रकान्यातला, पत्ता नाही. रकान्यांच्या आणि ओळींच्या मथळ्यांना मथळे म्हणून खूण केली. आता त्याच जागी पोचल्यावर १.९, ०.०६, मग ०.९७५० असं ऐकू येतं. संख्याशास्त्रात सतत भेटणारा १.९६ हा आकडा कुठून येतो, हे तिला आज स्वतः शोधता आलं.

तक्त्यात एकमेकांत जोडलेले चौकोन सगळे सुटे केले. दिसायला तक्ता थोडा लांबला. चालेल.

४ जुलै

मूळ पुस्तक इंग्रजीत, आणि शेजारी माझ्या मराठी टिपणांची जोड द्यायची असा बेत होता. टिपणं कित्येक वर्षांची, दर सत्रात सुधारलेली. आज ती स्क्रीन रीडरला दिली आणि एकही मराठी शब्द बाहेर आला नाही. ती युनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या, आधीच्या फॉन्टमध्ये टंकलेली आहेत. पडद्यावर ‘मध्य’ दिसतं, पण फाइलच्या आत रोमन अक्षरं आणि चिन्हं आहेत. फॉन्ट त्यांच्यावर देवनागरीचं रूप चढवतो एवढंच. डोळ्यांसाठी मराठी, यंत्रासाठी अर्थहीन. शोधता येत नाही, मोठ्यानं वाचता येत नाही, दुसऱ्या यंत्रावर तो फॉन्ट नसेल तर कुणालाच वाचता येत नाही. मराठी शिक्षकांची अशी किती टिपणं, किती प्रश्नसंच असे बंद पडून असतील, या विचारानं दिवसभर अस्वस्थ होते.

परिवर्तक चालवून युनिकोडमध्ये आणली. जोडाक्षरं आणि रफार बरेच बिघडले. ‘वर्ग’चा ‘वगर्’ झाला आहे. हे सगळं हातानं तपासावं लागणार.

९ जुलै

टिपणांचं मुद्रितशोधन चालू. आज एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट सापडली. ‘दुसऱ्या’ हा शब्द शोधला तर निम्म्याच जागा सापडल्या. उरलेल्या जागी शब्द डोळ्यांना हुबेहूब तोच आहे. काही ठिकाणी त्यात ‘ऱ’ हे वेगळं अक्षर आहे, काही ठिकाणी साधा ‘र’, हलन्त आणि त्यामागे एक न दिसणारं जोडचिन्ह. यंत्राला हे दोन वेगळे शब्द. पुस्तकभर एकच पद्धत केली: ‘ऱ’.

प्रत्येक पानाची भाषाही फाइलमध्ये नोंदली. ती नोंद नसली की स्क्रीन रीडर इंग्रजी आवाजातच मराठीशी झटत बसतो. मराठी नोंदलं की मराठी आवाज लागतो. इंग्रजी उतारा मध्ये आला तर तेवढ्यापुरती भाषा पुन्हा बदलून नोंदायची. सूत्रं मात्र तिला इंग्रजीतच ऐकायची आहेत, सवय तीच आहे. तसंच ठेवलं.

१८ जुलै

या प्रकल्पात मी सर्वांत जास्त शिकले ते आज.

सहसंबंधाच्या (दोन गोष्टी किती बरोबरीनं बदलतात याच्या) प्रकरणात संख्याशास्त्रज्ञ फ्रान्सिस अँस्कम यांचे १९७३ मधले चार संच आहेत. प्रत्येकात ११ जोड्या. चारही संचांत एक्सचा मध्य ९, वायचा मध्य ७.५०, एक्सचा व्हेरियन्स (पसरण्याचं माप) ११, सहसंबंध गुणांक ०.८१६ च्या आसपास, रिग्रेशनची रेषाही (बिंदूंना सर्वांत जवळून जाणारी सरळ रेषा) तीच: वाय = ३ + ०.५ एक्स. आकडे सारखे आणि चित्रं मात्र चार वेगळी, हाच धडा. दरवर्षी हे चार आलेख फळ्यावर आले की वर्गात कुजबुज होते.

मी पर्यायी मजकूर लिहिला: ‘चार स्कॅटर प्लॉट. प्रत्येकात ११ बिंदू आणि तीच रिग्रेशन रेषा. मध्य, व्हेरियन्स आणि सहसंबंध समान.’ नियमाप्रमाणे निर्दोष. तपासणीच्या प्रोग्रामनं हिरवी खूण दिली.

तिनं ऐकलं आणि विचारलं, “मॅडम, चारही सारखेच आहेत ना? मग चार कशाला?”

तिचा प्रश्न अगदी बरोबर होता. चित्रात जे दिसतं ते मी लिहिलंच नव्हतं. चित्राशिवायही कळणारे आकडे तेवढे पुन्हा लिहिले होते. जी एक गोष्ट सांगायला आकृती आहे, तीच गळली होती. दोन तास बसून आम्ही पुन्हा लिहिलं. पहिला: बिंदू रेषेच्या वरखाली सैल पसरलेले, पण एकंदर चढते. दुसरा: बिंदू एका गुळगुळीत कमानीवर, आधी चढतात, शिखरापाशी वळतात आणि किंचित उतरतात, सरळ रेषा या कमानीला चुकीच्या जागी छेदते. तिसरा: दहा बिंदू जवळजवळ अचूक एका सरळ रेषेत, आणि एक बिंदू, एक्स १३ पाशी, बराच वर निसटलेला, त्यानं रिग्रेशनची रेषा स्वतःकडे ओढून तिरकी केली आहे. चौथा: दहा बिंदू एक्स ८ वर उभ्या रांगेत, आणि एकटा अकरावा लांब उजवीकडे १९ वर, रेषा केवळ त्या एकट्यामुळे ठरते.

चौथा ऐकल्यावर ती म्हणाली, “म्हणजे तो एक काढला तर रेषाच काढता येणार नाही.” बरोबर. फळ्यावर चित्र पाहून मला हे वर्गाकडून काढून घ्यायला बराच वेळ लागतो.

काही निर्णय आजच करून टाकले. चित्राला एका ओळीचा पर्यायी मजकूर, आणि सविस्तर वर्णन चित्राखाली, सगळ्यांना दिसेल असं. लपवून ठेवायचं काही कारण नाही. वर्णनासोबत चारही संचांचा तक्ता. आणि ज्या स्वाध्यायात आलेख पाहून कल ओळखायचा असतो, तिथे वर्णनात ‘चढता कल’ लिहायचं नाही, नाहीतर उत्तरच सांगून टाकलं. तिथे बिंदू कुठे आहेत तेवढंच सांगायचं. ही सीमा प्रत्येक स्वाध्यायात वेगळी आखावी लागते, त्याचं सूत्र नाही. सहकारी सरांशी यावर वाद झाला. त्यांचं म्हणणं, वर्णन लिहिणारा नकळत उत्तर सुचवतोच. त्यांचं चूक नाही. म्हणून स्वाध्यायातल्या आलेखांची वर्णनं एकानं लिहायची आणि प्रश्न न वाचलेल्या दुसऱ्यानं तपासायची, असं ठरलं.

२२ जुलै

अँस्कमचे चारही आलेख फुगणाऱ्या कागदावर काढले. या कागदावर काळ्या शाईत छापून तो उष्णतेच्या यंत्रातून नेला, की काळा भाग जास्त उष्णता शोषतो आणि वर उठतो. पहिला प्रयत्न वाया गेला: अक्षांच्या रेषा, जाळी आणि बिंदू सगळंच फुगलं आणि बोटांखाली गोंधळ झाला. जाळी काढली, बिंदू मोठे केले, अक्षांची नावं ब्रेलमध्ये टाकली. दुसऱ्या खेपेला तिनं दुसऱ्या आलेखाची कमान बोटानं एका दमात गिरवली.

१ ऑगस्ट

सत्र सुरू. पुस्तक पहिल्या दिवशी सगळ्यांकडे. वेबपान, ई-पब (ई-पुस्तकाची फाइल) आणि छापता येईल अशी प्रत, तिन्ही.

बरेच विद्यार्थी पुस्तक फोनवरच वाचतात, हे वर्गात हात वर करायला सांगितल्यावर कळलं. तिथे रीफ्लो कामी येतो, म्हणजे अक्षर मोठं केलं तरी मजकूर पडद्याच्या रुंदीत आपोआप बसतो, डावीउजवीकडे सरकवत बसावं लागत नाही. हा निकष आम्ही अल्पदृष्टी विद्यार्थ्यासाठी पाळला होता. आज त्याच्या शेजारच्यानं विचारलं, की बाकीच्या विषयांची पुस्तकं अशी का नाहीत.

डिस्लेक्सिया असलेल्या एका विद्यार्थ्यानं वेगळंच सांगितलं. तो एकाच वेळी वाचतो आणि ऐकतो, दोन्ही मिळून त्याची ओळ सुटत नाही.

१३ ऑगस्ट

एक चूक, माझीच. सहसंबंधाच्या प्रकरणात मी सिम्पसनच्या विरोधाभासावर (सगळे एकत्र घेतले तर एक कल, गटागटानं पाहिलं तर उलटा) विकिपीडियाचे दोन परिच्छेद जुळवून घेतले होते आणि शेवटी दुसऱ्या एका संचातले स्वाध्याय जोडले होते. श्रेय सगळ्यांना दिलं होतं आणि मला वाटलं काम झालं. आज ग्रंथपाल मॅडमनी दाखवलं, की हे मिश्रण वाटताच येत नाही. विकिपीडियाचा मजकूर सीसी बाय-एसए: रूपांतर याच परवान्याखाली द्या. स्वाध्याय सीसी बाय-एनसी-एसए: रूपांतर त्या परवान्याखाली द्या, व्यापारी वापराची मनाई ठेवून. एक प्रकरण एकाच वेळी दोन्ही अटी पाळू शकत नाही.

स्वाध्याय वेगळ्या पुस्तिकेत काढले, त्यांच्या मूळ परवान्यासह. शेजारी ठेवलेले दोन वेगळे ग्रंथ म्हणजे संग्रह, तिथे अडचण नाही. विकिपीडियाचे परिच्छेद काढून स्वतः लिहिले. त्यासाठी पामर पेंग्विनची माहिती घेतली: अंटार्क्टिकातल्या ३४४ पेंग्विनांची मापं, तीन जाती, सीसी झिरोखाली, म्हणजे कोणतीही अट न ठेवता, खुली. चोचीची लांबी आणि जाडी यांचा संबंध सगळे पक्षी एकत्र घेतले तर उलटा दिसतो आणि प्रत्येक जातीत वेगळा पाहिला तर सुलटा. आलेखात जातींना रंगांबरोबर आकारही दिले, वर्तुळ, त्रिकोण, चौकोन. रंग न ओळखणाऱ्यालाही तीन पुंजके वेगळे दिसतात.

सहकारी सरांनी विचारलं, पूर्ण पुस्तकच बाय-एसए करून टाकू, एवढी धडपड कशाला? नाही म्हटलं. मूळ पुस्तक सीसी बाय आहे. आमची वर्णनं, तक्ते, सूत्रं सीसी बाय राहिली तरच मूळ लेखकांना ती त्यांच्या पुस्तकात, त्यांचा परवाना न बदलता, परत घेता येतील. मला ती परत जायला हवी आहेत.

२९ ऑगस्ट

व्याख्यानांच्या चित्रफितींना मथळे, म्हणजे बोललेलं पडद्यावर अक्षरांत. आपोआप तयार होणाऱ्या मथळ्यांत ‘मध्यक’ आणि ‘मध्य’ यांची सरमिसळ, म्हणजे नेमकी जिथे चूक चालत नाही तिथेच चूक. हातानं दुरुस्त केले.

स्वतःचं बोलणं ऐकताना लक्षात आलं, की मी सारखं ‘हे बघा, इथून हे असं खाली येतं’ म्हणते. पुढच्या ध्वनिमुद्रणात काय खाली येतं ते नाव घेऊन बोलले. वेगळं श्राव्य वर्णन जोडायची गरज बरीच कमी झाली.

१२ सप्टेंबर

अभ्यासक्रम समितीपुढे सादरीकरण. एका ज्येष्ठ सदस्यांचा प्रश्न विचारात पाडणारा होता: अंध वाचकांसाठी कोणत्याही पुस्तकाची सुगम्य प्रत करायला कायदाच मुभा देतो, मराकेश करार आहे, मग मुक्त परवान्याचा आग्रह का?

मराकेश करार २०१३ चा, ३० सप्टेंबर २०१६ पासून लागू. त्यानं खूप मोठं दार उघडलं, हे मी आधीच सांगितलं. पण त्या सवलतीखाली केलेली प्रत फक्त छापील मजकूर वाचण्यात अडचण असलेल्या वाचकांपर्यंतच नेता येते, आणि ते योग्यही आहे. वर्गातले बाकीचे जुनंच पुस्तक वाचतात. म्हणजे एकाच वर्गात दोन पुस्तकं होतात. एकात चूक सापडली तर दुसऱ्यात ती सुधारली जाईलच असं नाही. पुढच्या महाविद्यालयातल्या शिक्षकाला तेच काम पहिल्यापासून करावं लागू शकतं. आमच्या पुस्तकातलं अँस्कमचं वर्णन मात्र सगळ्या वर्गानं वाचलं, आणि वर्गातल्या दोघांनी त्यावरून, मूळ आकृती न पाहता, आलेख काढून दाखवला. तो कागद समितीला दाखवला.

दुसऱ्या एका सदस्यांनी युनेस्कोच्या २०१९ च्या मुक्त शैक्षणिक साहित्याच्या शिफारशीची आठवण करून दिली. सर्वसमावेशक आणि समान उपलब्धता हा तिच्या पाच मुद्द्यांपैकी एक आहे. ठराव पुढच्या बैठकीला.

३ ऑक्टोबर

पहिल्या पाच प्रकरणांच्या दुरुस्त्या मूळ पुस्तकाच्या संपादकांकडे पाठवल्या: शीर्षकं, मॅथएमएल, तक्त्यांचे मथळे, वर्णनं. प्रत्येकासोबत काय बदललं ते लिहिलं. आमच्या प्रतीतही ते लिहिणं परवान्यानुसार लागतंच. श्रेयाच्या ओळीत शीर्षक, लेखक, स्रोत, परवाना आणि बदल, अशा पाच गोष्टी दर प्रकरणाच्या सुरुवातीला ठेवल्या आहेत.

१७ ऑक्टोबर

उत्तर आलं. सूत्रं आणि तक्ते पुढच्या सुधारणेत घेत आहेत. वर्णनांपैकी काही लांब वाटली, ती थोडी आटोपशीर करून हवी आहेत. म्हणणं पटलं. हिस्टोग्रामच्या वर्णनांत मी प्रत्येक स्तंभाची उंची सांगत गेले होते; ती तक्त्यात आहेच, वर्णनात आकार सांगणं पुरे.

२१ ऑक्टोबर

वर्णनं आखडताना अँस्कमच्या तिसऱ्या आलेखावर अडले. तिला फोन केला. तिनं थोडा विचार करून सांगितलं: “दहा जण एका रांगेत चालले आहेत, एकानं रांग सोडली आहे, आणि रेषा त्या एकाचं ऐकते.” माझ्या तीन ओळींपेक्षा हे छोटं आहे आणि धडा पूर्ण सांगतं. पुस्तकात तेच घेतलं, पुढे फक्त ‘एक्स १३ पाशी’ जोडलं.

श्रेयात नाव घालू का, असं विचारलं. आधी नको म्हणाली. संध्याकाळी तिचा संदेश आला, “मॅडम, घाला. पण ‘मदत’ नको, ‘लेखन’ लिहा.” बदल केला. सहाव्या प्रकरणाची नवी प्रत वर चढवली, संपादकांनाही पाठवली. नवव्या प्रकरणाचे तक्ते अजून बाकी.